डुक्कर नवव्या सर्गात मरतं

राजा सुरतसेनाने स्वतः केलेल्या शिकारीवर 'वराहवध' नावाचं नऊ सर्गांचं काव्य रचलं, सगळ्या गावाला राजवाड्याच्या चौकात बसवून वाचून दाखवलं, आणि शेवटी रिवाजाप्रमाणे एकेकाला विचारलं, "कसं वाटलं?"

दिवाणजी म्हणाले, अप्रतिम. सेनापती म्हणाले, अप्रतिम. शास्त्रीबुवांनी तर डोळे पुसले. विचारता विचारता महाराज दारापाशी उभ्या असलेल्या सटवाजी पाणक्यापर्यंत आले. हा प्रश्न उत्तरासाठी विचारत नसतात, हे त्या भल्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने नीट विचार केला आणि म्हणाला, "चांगलं आहे, महाराज. पण डुक्कर लवकर मारायला हवं होतं."

झालं! दुसऱ्या दिवसापासून गावाला तेच. कुणी लांबण लावली की समोरचा म्हणायचा, "अहो, डुक्कर लवकर मारायला हवं होतं." कीर्तनात म्हणाले, पंचायतीत म्हणाले, एका लग्नात तर भटजींनाच म्हणाले.

इकडे महाराजांना जेवण जाईना. शंभर जणांनी केलेली स्तुती कुठल्या कुठे गेली, पाणक्याचं एक वाक्य तेवढं कानात बसलं. दिवाणजी म्हणाले, "त्याला काव्यातलं काय कळतंय?" राणीसाहेबांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुमचं अक्षर फार सुरेख आहे." त्यावर महाराजांनी दोन दिवस लेखणी हातात धरली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सटवाजीला बोलावलं.

"तुझे शब्द गावाच्या तोंडात गेलेत. येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत सगळे परत घे. नाही जमलं, तर घरदार सोडून राज्याबाहेर चालता हो."

सटवाजी घरी येऊन उंबऱ्यावरच बसला. "सांडलेलं पाणी एक वेळ भरून आणीन गं," तो लेकीला म्हणाला, "पण बोललेलं कसं भरून आणू? आणि या वयात दुसऱ्या मुलखात मला पाणी भरायला कोण ठेवील?"

भिवराला बापाची कीव आली आणि रागही आला. खरं बोलायला हाच दिवस सापडला होता का यांना? पण आता बोलून उपयोग नव्हता. "बाबा, तुम्ही पाणी भरायला जा," ती म्हणाली. "मी राजवाड्यावर जाऊन येते."

महाराजांपुढे उभी राहून ती म्हणाली, "शब्द परत आणते, महाराज. पण त्याला आपल्या शिक्क्याची एक दवंडी लागेल."

"दवंडीत काय सांगायचं?"

"जो कोणी सटवाजीचे ते शब्द तोंडातून काढील, त्याला चौकात बसवून महाराजांचं काव्य पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं जाईल. मधे उठता येणार नाही. लहानथोर, कुणालाही सूट नाही."

दिवाणजींना एकाएकी खोकला आला. महाराज मात्र खूश झाले. "अगं वेडे, मग तर सगळं गाव मुद्दाम तेच बोलेल. ऐकायला झुंबड उडेल!"

"उडू दे, महाराज," भिवरा म्हणाली.

दवंडी पिटली आणि गाव चिडीचूप झालं. बाजारात एकाच्या तोंडून नुसतं "डुक्..." निघालं, तर बायकोने त्याच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला. एका माणसाचं खरोखरचं डुक्कर हरवलं होतं, तो बिचारा हातवारे करत घरोघर हिंडला. कीर्तनकार मनसोक्त लांबले, कुणी चकार शब्द काढला नाही.

बाजाराचा दिवस आला. दरबार भरला. सटवाजी घराचं गाठोडं बांधूनच आला होता. हेरांनी सांगितलं, "महाराज, गावात ते शब्द कुणीच बोलत नाही."

"आणि काव्य ऐकायला किती आले?"

"कुणी नाही."

महाराज विचारात पडले. "म्हणजे 'डुक्कर लवकर मारायला हवं होतं' असं आता एकही माणूस म्हणत नाही?"

दरबारात सगळ्यांनी खाली बघितलं. भिवरा पुढे आली. "एक जण म्हणाला, महाराज. आत्ताच."

सटवाजीने डोळे मिटून घेतले.

"लहानथोर, कुणालाही सूट नाही," भिवरा शांतपणे म्हणाली. "शिक्का आपलाच आहे."

महाराजांनी छाती पुढे काढली. "मला कसली भीती? काव्य माझंच आहे. शास्त्रीबुवा, वाचा."

आजवर महाराजांनी काव्य वाचलं होतं, कधी ऐकलं नव्हतं. पहिल्या सर्गात ते मान डोलावत होते. दुसऱ्यात त्यांनी ताल धरला. तिसऱ्यात रानातली झाडं आली, एकेक करून, नावानिशी. चौथ्यातही झाडंच होती. महाराजांनी मांडी बदलली, पाणी मागितलं, सटवाजीने दिलं. पाचव्यात डुक्कर झुडपातून बाहेर आलं आणि सहाव्यात परत आत गेलं. महाराज जरा उठायला लागले.

"मधे उठता येत नाही, महाराज," भिवरा अदबीने म्हणाली.

सातव्यात घोड्याचं वर्णन सुरू झालं. खूर झाले, गुडघे झाले, आयाळ निम्मी झाली, आणि महाराज ओरडले, "अहो शास्त्रीबुवा, मारा की त्या डुकराला आता!"

आपण काय बोललो, ते महाराजांच्या ध्यानात आलं. मग त्यांचं पोट हललं, खांदे हलले, आणि ते असे खदखदून हसले, की शास्त्रीबुवांच्या हातातलं पान गळून पडलं. हसता हसता डोळे पुसत ते म्हणाले, "सटवाजी, गाठोडं सोड. कुठं जायचं नाही. यापुढे माझं काव्य आधी तू ऐकायचंस आणि खरं सांगायचंस."

मग ते भिवराकडे वळले. "पोरी, तुला काय देऊ? तुझ्यावर एक काव्य रचू का? चांगलं ऐसपैस?"

"नको, महाराज," भिवरा घाईघाईने म्हणाली. "बाबांना पखाल वाहायला एक रेडा द्या. तेवढा पुरे."

महाराजांना पुन्हा हसू आवरेना. त्यांनी दोन रेडे दिले.