बिघडवलेला पाट

एकदा एका वृद्ध मूर्तिकाराने तरुणपणापासून जपलेला आपला संगमरवरी पाट स्वतःच्या हातांनी बिघडवला. त्यांना वेड लागलं नव्हतं, शिष्य ऐकत नव्हता. अशा माणसांना लोक हट्टी म्हणतात, मी गुरू म्हणतो.

नरसूअण्णा त्यांचं नाव. त्यांच्या कारखान्यात एक नियम होता: पॉलिश झालेल्या दगडाजवळ लिंबू, चिंच, सोडा, काही म्हणजे काही आणायचं नाही. संगमरवरावर आंबट सांडलं की त्याची झळाळी मरते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक. हा नियम सर्वांत कडक पाळणारा शिष्य म्हणजे मल्हारी. एकदा एका बड्या गिऱ्हाइकाने हातातली कोल्ड्रिंकची बाटली देवीच्या चौथऱ्यावर टेकवली, तेव्हा हा गडी अंगावर धावूनच गेला. "अहो साहेब, आधी ती बाटली उचला! देवीचा चौथरा आहे, चहाचं टेबल नव्हे!"

आणि हाच मल्हारी दगडाच्या धुळीने घसा कोरडा पडतो म्हणून फसफसत्या पेयाची मोठी बाटली, अर्थात पॉलिश न झालेल्या दगडापाशीच, दिवसभर जवळ ठेवी. एक घोट घ्यायचा, छिन्नी चालवायची, पुन्हा एक घोट. बाटली संपली की कडक ब्रशने खसाखसा दात घासायचे आणि वर ऐट अशी की, दातांची काळजी शिकावी ती माझ्याकडून!

व्हायचं तेच झालं. समोरचे दात पिवळट दिसू लागले, त्यांच्या कडा कागदासारख्या पातळ झाल्या. गार पाणी सोडाच, नुसता वारा लागला तरी कळ मस्तकात जाई. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "दातांवरचं कठीण आवरण विरघळत चाललंय. हे पेय बंद करा. नाहीतर तिशीच्या आत समोरच्या दातांना कॅप बसवाव्या लागतील." मल्हारीने मान डोलावली आणि बिनसाखरेची बाटली आणली. "साखर नाही म्हटल्यावर धोका कसला?" असं तो अण्णांनाच विचारू लागला. अण्णा मनातून फार हळहळले. पोरगा लेकासारखा होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी आपला पाट आणून मल्हारीसमोर ठेवला. त्यांच्या गुरूंच्या देखरेखीखाली त्यांनी घडवलेलं ते पहिलं काम. आरशासारखा लखलखीत. मल्हारीने घोट घेतला, तशी अण्णांनी त्याच बाटलीतलं चमचाभर पेय पाटाच्या मधोमध ओतलं. मल्हारी चमकला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा घोट घेतला, अण्णांनी पुन्हा चमचा ओतला. मग खिशातून एक कडक ब्रश काढला आणि त्या ओल्या जागेवर खसाखसा घासू लागले.

"अण्णा! अहो काय करताय हे? पाट गेला ना!"

"काळजी घेतोय."

"ही कसली काळजी? आंबटाने वरचा थर मऊ पडलाय, त्यावर लगेच घासलं तर तो निघूनच येणार! एवढं तर शिकाऊ पोरालाही कळतं!"

"तुला कळतं?" अण्णांनी ब्रश खाली ठेवला. "मग आरशासमोर रोज काय करतोस?"

मल्हारीचा चेहरा खर्रकन उतरला.

अण्णा म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी गत झाली तुझी. दात दगडासारखे कठीण खरे, पण आंबटापुढे दगडासारखेच हतबल. साखर काढलीस, पण आंबटपणा तसाच राहिला ना? ती साखर तोंडातल्या जंतूंचं खाद्य, त्यातूनही ते आम्लच तयार करतात. आपली लाळ बिचारी दिवसभर दातांची डागडुजी करत असते. पण तू घोटाघोटाने पितोस, तिला सवडच देत नाहीस. आणि प्यायल्यावर नुसतं पाण्याने चूळ भरून अर्धा-पाऊण तास थांबायचं, तर तू ब्रश घेऊन तुटून पडतोस."

मल्हारीचे डोळे भरून आले होते, ते त्याने बाहीला पुसले आणि पाट ओढून कामाला बसला. पॉलिशच्या जाड दगडी वडीने घासलं, मग बारीक, मग त्याहून बारीक. हात भरून आले तरी उठला नाही. दिवस कलायला आला तेव्हा पाट पुन्हा लखलखू लागला होता.

"बघा अण्णा, होता तसा केला."

"बोट फिरव."

मल्हारीने बोट फिरवलं. मधोमध एक अस्पष्टसा खोलगट भाग लागला. अण्णा हळूच म्हणाले, "चमक आली, पण गेलेला थर आला नाही. इथे खाली आणखी दगड होता म्हणून भागलं. तुझ्या दाताखाली दुसरा दात आहे का रे? दात आहेत तोवर त्यांना जप बाबा, नाहीतर चणे असतील आणि दात नसतील."

दुसऱ्या दिवशी उन्हं तापली, धूळ उडाली, घसा कोरडा पडला. समोरच्या टपरीवर बर्फात बाटल्या मांडलेल्या होत्या. मल्हारी उठला, दारापर्यंत गेलादेखील. दाराशी तो पाट ठेवलेला होता. त्याने वाकून त्या खोलगट जागेवर एकदा बोट फिरवलं आणि मागे वळून माठातलं पाणी तांब्यात घेतलं.

पहिल्या घोटालाच दातांतून सणकन कळ गेली. त्याने डोळे घट्ट मिटले आणि तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला.