हेव्याचा माळ

करंजघाट जिथे पठारावर येऊन टेकतो, तिथे एक उघडा माळ आहे. झाड नाही, देऊळ नाही, बसायला साधा पार नाही. तरी आमच्या नऊ गावांचा कारभारी दर तीन वर्षांनी इथेच निवडतात, आणि निवडला म्हणून लगेच त्याला पागोटे बांधत नाहीत. आधी लोक एकेक करून उठतात आणि त्याच्या तोंडावर सांगतात, की आम्हाला तुझा हेवा वाटतो. का वाटतो, तेही सांगावे लागते. कुणी म्हणतो, याच्याहून मी जास्त शिकलो. कुणी त्याच्या विहिरीच्या पाण्यावर घसरतो. शहरातले पाहुणे रुमालाआड हसतात. हसा बापडे! पण ही रीत नव्हती तेव्हा एक चांगला माणूस हकनाक गेला, असे जुनी माणसे सांगतात.

फार मागची गोष्ट. घाटाखालच्या एका सरदाराचा जुलूम नऊ गावांनी झुगारून दिला आणि आपले राज्य आपण चालवायचे ठरवले. सरदाराला हाकलायला तीन महिने लागले म्हणे, आणि राज्य कसे चालवायचे हे ठरवायला पाच. कचेरी प्रत्येकाला आपल्याच वेशीच्या आत हवी. धान्य कोणत्या पायलीने मापायचे? नऊ गावांच्या नऊ पायल्या, आणि दुसऱ्याची पायली खोटी यावर मात्र सगळ्यांचे एकमत. शपथ घ्यायची तर आधी कोणाच्या देवाचे नाव घ्यायचे? एकदा तर कुणाचे घोंगडे पुढे अंथरले यावरून दोन गावे उठून घरी गेली. शेवटी हा माळ ठरला, कारण तो कोणाचाच नव्हता आणि कोणाला हवाही नव्हता.

उरला मुख्य कारभाऱ्याचा प्रश्न. खडकोशीच्या निंबाजीला तो प्रश्नच वाटत नव्हता. अकरा दिवस त्याने घाटाची चौकी लढवली होती आणि डाव्या हाताची दोन बोटे तिथेच ठेवून आला होता. निवडीच्या दिवशी तो बोडक्या डोक्याने माळावर आला. पागोटे आता पंचच बांधणार, मग घरचे कशाला?

पण नऊपैकी सात गावे उभी राहिली ती तळेवाडीच्या आवजीमागे. आवजी म्हणजे निंबाजीचा धाकटा साडू, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. लढाईत आवजीने तलवार धरली नव्हती. गावोगावच्या भाकऱ्या गोळा करून त्या चौकीवर पोचवायचे काम त्याच्याकडे होते, आणि एक दिवसही कोणी उपाशी राहिले नव्हते.

भांबोलीच्या म्हाताऱ्या पाटलाने निंबाजीला बाजूला घेतले. "बाबा, तुझा मान मोठाच हाय. पर ज्याच्या हातात तलवार, त्याच्याच हातात शिक्का दिला, तर त्यो सरदार व्हायला किती येळ? एक घालवून दुसरा कशापायी बसवायचा?"

निंबाजीच्या कानात यातले काही शिरले नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत साडूच्या डोक्यावर पागोट्याचे पेच बसत होते, आणि आपल्याला याच बोडक्या डोक्याने कोसभर चालत घरी जायचे आहे, एवढेच त्याला कळत होते.

त्यानंतर त्याला अन्न गोड लागेना. आवजीला कोणी चांगले म्हटले की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आवजीने दोन गावांचा पाण्याचा तंटा मिटवला, तर हा म्हणाला, "भाकऱ्या वाटणाऱ्याला पाणी वाटायला काय लागतंय?" बायको सगुणा समोरून उठून जायची. खरे सांगायचे तर, साडूचे वाटोळे व्हावे असे काही त्याच्या मनात नव्हते. त्याचे एकदा चारचौघांत हसे व्हावे आणि लोकांनी आपल्या दारात येऊन 'चुकलं आमचं' म्हणावे, एवढीच त्याची इच्छा होती.

आवजीने पहिला हुकूम काढला तो घाटाच्या चौकीचा. प्रत्येक गावाने पाळीने एकेक महिना पंधरा माणसे द्यायची. हुकुमासोबत विडा जायचा. गावच्या प्रमुखाने विडा उचलला की पाळी पत्करली. आठ गावांना जासूद जाऊन आले, खडकोशीला मात्र चार दिवस कोणी फिरकले नाही. निंबाजीने दात-ओठ खात दिवस काढले. मानात आपण शेवटचे!

पाचव्या दिवशी दुपारी आवजी स्वतःच येताना दिसला. निंबाजी झटक्यात माजघरात शिरला आणि बायकोला म्हणाला, "शेतावर गेलोय म्हनून सांग."

आवजी ओसरीवर टेकला. आतून निंबाजीला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आक्का, बाकीच्या गावांना जासूद धाडला. दादांकडं जासूद धाडणं बरं दिसलं नसतं, म्हनून मीच आलो. इतर तंटे निस्तरता निस्तरता चार दिस गेले बघा. पहिली पाळी खडकोशीची ठेवलीय. दुसऱ्या गावाची तेवढी छाती न्हाई."

तेव्हाच बाहेर यायला हवे होते. निंबाजी दोनदा उठलाही. पण आता बाहेर जायचे म्हणजे लपलो होतो हे कबूल करायचे, आणि तेही याच्यापुढे! तो पुन्हा खाली बसला. आवजीने दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली.

निघताना तो म्हणाला, "विडा देवळीत ठेवतो आक्का. दादांनी उचलला की मानसं धाडा म्हनावं. उद्यापासनं चौकी रिकामी हाय, तवर मी नि माझी पाच मानसं उभी ऱ्हातो. मला लढता येत न्हाई, पर शिंग फुंकता यील."

उभा राहू दे, निंबाजी मनात म्हणाला. चौकी म्हणजे काय ते कळू दे एकदा. तीन दिवस विडा देवळीत वाळत पडला.

चौथ्या दिवशी सकाळी घाटावरून शिंग ऐकू आले. सरदाराची माणसे परत आली होती. शिंग एकदा वाजले, दुसऱ्यांदा वाजले, आणि तिसऱ्यांदा मध्येच तुटले. निंबाजी अनवाणी धावत सुटला आणि सगळी खडकोशी त्याच्यामागे. त्यांनी घाट राखला, सरदाराची माणसे खाली पळाली. पण चौकीच्या दारात आवजी रक्तात पडला होता.

साडूला पाहून त्याने विचारले, "शेतावरनं थेट आला व्हय, दादा?"

त्याला खरे ठाऊक होते की नव्हते, हे आजवर कोणाला सांगता आलेले नाही. निंबाजी "व्हय" म्हणाला, आणि आवजीने डोळे मिटले.

तेराव्यानंतर नऊ गावे पुन्हा माळावर जमली. सगळे घाबरलेले. आता राखणारा हवा तर निंबाजीच हवा, यावर पहिल्यांदाच नऊ गावांचे एकमत झाले. आवजीची बायको येसूही बायकांतून म्हणाली, "बांधा दाजींना. त्यांच्याबिगर कोन हाय आता?" भांबोलीचा पाटील पागोटे घेऊन पुढे झाला.

निंबाजीने त्याचा हात धरला.

"थांबा. मी शेतावर नव्हतो. मी घरात होतो." मग त्याने सगळे सांगितले, देवळीतल्या विड्यासकट. "मला त्याचा हेवा वाटत हुता," तो म्हणाला आणि खाली बसला.

तळेवाडीच्या माणसांनी काठ्या उचलल्या, खडकोशीच्यांनीही. दोन महिन्यांचे राज्य तिथेच मोडायचे, पण येसू मध्ये येऊन उभी राहिली. निंबाजीकडे बघत ती म्हणाली, "पागुटं बांधलं त्याच दिशी का न्हाई बोललात हे? ह्या माळावर, समद्यांच्या म्होरं? हसून ऐकलं असतं त्यांनी. घरी आले असते."

काठ्या खाली आल्या, असे सांगतात. त्या दिवशी पागोटे पाटलाच्या डोक्यावर गेले, पण त्याआधी ज्याच्या त्याच्या मनातला हेवा माळावर बोलून घेतला गेला. निंबाजी मरेपर्यंत चौकीवर राहिला, आणि त्याने डोक्याला पुन्हा कापड लावले नाही.

आजही सगळ्यांचे बोलून झाले की शेवटी खडकोशीचा एक माणूस बोडक्या डोक्याने उठतो. कारभारी कोणीही निवडलेला असो, हा त्याच्याकडे पाहत नाही. तो तळेवाडीच्या बायकांकडे तोंड करतो आणि म्हणतो, "मी घरात होतो." तो खाली बसतो, आणि मग पागोटे बांधायला घेतात.