दप्तरावरचे आबासाहेब

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब ढमाले यांनी सगळ्या मुलांना दप्तरं वाटली. पहिली ते दहावी एकच माप, आणि प्रत्येक दप्तरावर अगदी खाली त्यांचा हसरा फोटो.

शाळेतल्या शिक्षिका पाखरेबाई म्हणाल्या, "साहेब, लहान मुलांच्या कमरेखाली लोंबतात ही. पाठी दुखतात त्यांच्या."

"वाढत्या अंगाची घेतलीत, बाई. मुलं मोठी होतील की!" आबासाहेबांनी विषय संपवला.

बक्षीस समारंभाला तिसरीतली कस्तुरी दप्तरासकट मंचावर आली, ती एक हात मागे दप्तराखाली धरूनच. आबासाहेबांना नवल वाटलं.

"हात मागे कशाला गं, पोरी?"

"तुम्हाला धरलंय, साहेब."

"मला? सोड बघू."

कस्तुरीने हात काढला आणि दोन पावलं चालून दाखवली. दप्तर घसरलं, आणि दर पावलाला हसरे आबासाहेब तिच्या ढुंगणावर आपटू लागले. सगळी शाळा खदखदून हसली.

आबासाहेब ओरडले, "धर, धर!"

"मी धरते हो, साहेब," कस्तुरी म्हणाली, "पण बाकीची दोनशे मुलं धरत नाहीत."

सोमवारी शाळेत शिंपी आला, टेप घेऊन, एकेका मुलाची पाठ मोजायला.