रिकामी नोंद

“हा रकाना कोणी भरला?”

“मीच,” धामणकर सर म्हणाले. “अर्ज माझा आहे, मीच भरणार.”

“घाईत भरला?”

“नाही.”

इंदूताईंनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. मेंटॉरच्या अर्जातला सातवा प्रश्न : या सॉफ्टवेअरमधलं तुम्हाला काय कळत नाही? खाली सरांचं उत्तर : असं काही नाही.

“बरं,” ताई म्हणाल्या आणि पर्जन्यमापकाचं नरसाळं मांडीवर घेऊन बसल्या. उन्हाळ्यात आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. केसातली पिन काढून ताई ते खरवडायला लागल्या.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस. अर्ज पाचला बंद होणार होते.

सॉफ्टवेअरचं नाव ओहोळ. डोंगरावर किती पाऊस पडतोय ते बघून खालच्या गावांना पुराचा इशारा देणारं. ओपन सोर्स. म्हणजे कोणीही उघडून वाचावं, कोणीही दुरुस्त करावं, आणि कोणती ओळ कोणी लिहिली ते नावासकट कायम दिसावं. दर उन्हाळ्यात कॉलेजातली पोरं त्यावर प्रोग्रॅमिंग शिकायला येतात. त्यांना शिकवायचं असेल त्यानं अर्ज करायचा, आणि इंदूताईंनी हो म्हणायचं.

ताईंनी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत याच घाटमाथ्यावर पाऊस मोजला. पंचावन्नाव्या वर्षी पुतण्याच्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅमिंग शिकल्या. ओहोळची पहिली ओळ त्यांची.

सर पीएच.डी., विभागप्रमुख. पाच वर्षं ओहोळचे मेंटॉर. कॉलेजच्या गेटवर त्यांचा हात जोडलेला फ्लेक्स होता : ‘आंतरराष्ट्रीय मेंटॉर’. यंदाचा नवा फ्लेक्स छापूनसुद्धा झाला होता. फोनवर हो मिळेना, म्हणून चार तास गाडी चालवत ते वर आले होते.

“ताई, वेळ कमी आहे. एक बटण तर दाबायचंय.”

“दाबते. आधी गेल्या जुलैचं बोलू.”

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

“त्यावर बोलून झालंय. मी ओहोळच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं होतं.”

“लिहिलं होतंत. वाचून दाखवू?”

“नको.”

ताईंनी वाचलंच. “‘विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे झालेली चूक. तिला समज दिली आहे.’”

...

गेल्या जुलैत वरच्या वाडीतल्या पर्जन्यमापकाची बॅटरी गेली. तीन तास एकही नोंद आली नाही. अशा वेळी ओहोळनं ‘माहिती नाही’ म्हणून बोंब मारायची असते. मग कोणीतरी उठून बघायला जातं. पण प्रोग्रॅममध्ये एक नवी ओळ आली होती : नोंद रिकामी असेल तर शून्य धरा.

ओहोळनं शून्य धरलं. पाऊस नाही. सगळं ठीक.

खाली फरशी पुलावरून दूध घालायला निघालेला सुदाम घाडी मोटरसायकलसकट वाहून गेला. एका करंजाला साडेचार तास धरून राहिला. जगला. त्याचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

त्या ओळीवर नाव होतं प्रणोती भिसे. सरांची विद्यार्थिनी, तिसऱ्या वर्षाची. तिनं ग्रुपवर दोन शब्द लिहिले, ‘चूक माझी.’ आणि ओहोळ सोडलं. दिवाळीनंतर कॉलेजही सोडलं.

फ्लेक्स होता तिथेच होता.

...

“ओळ तिचीच आहे,” सर म्हणाले. “नाव बघा. तारीख बघा. रेकॉर्ड खोटं बोलत नाही.”

“रेकॉर्ड बोलतच नाही. टाइप कोणी केलं एवढंच दाखवतं.”

“मग?”

“टाइप करायच्या आधी तिनं तुम्हाला विचारलं होतं का?”

पिनेचा खरखर आवाज. मातीचा एक तुकडा फरशीवर पडला.

“तिनं तसं सांगितलं तुम्हाला?”

“नाही. ती माझ्याशी बोललेली नाही. मला माहीत नाही, म्हणून विचारते.”

“दहा-दहा पोरं असतात माझ्याकडे. दिवसाला चाळीस फोन. सगळं कसं आठवणार?”

“आठवत नाही?”

“नाही आठवत.”

“छान.” ताईंनी लॅपटॉप पुढे सरकवला. “हेच सातव्या प्रश्नात लिहा. लगेच हो म्हणते.”

सरांचा हात उठला नाही.

“हा अर्ज सगळ्यांना दिसतो, ताई. माझे विद्यार्थी वाचतील.”

“त्यांच्यासाठीच आहे तो.”

चार चाळीस.

“हे बघा, आता स्पष्टच बोलतो.” सरांचा आवाज चढला. वर्गात चढायचा तसाच. “तुमचा मान ठेवून बोलतो. पाऊस मोजणं वेगळं आणि पोरं घडवणं वेगळं. बत्तीस वर्षं करतोय मी हे. पोरानं प्रश्न विचारला आणि सर गप्प बसले, की वर्ग हातातून गेला. उत्तर द्यावं लागतं. काहीतरी द्यावंच लागतं!”

बोलून झालं आणि आपण काय बोललो ते सरांना ऐकू आलं.

पिनेचा आवाज थांबला होता.

ताई उठल्या. फडताळातून एक जाड वही काढून सरांपुढे उघडली. तारखा, आणि तारखांपुढे मिलिमीटर. मधल्या चार तारखांपुढे काहीच नव्हतं.

“त्र्याण्णवचा ऑगस्ट. मला टायफॉइड झाला होता. साहेब म्हणाले, शून्य लिही आणि तक्ता पुरा कर. मी लिहिलं नाही. मेमो आला.”

“म्हणजे तुम्ही बरोबर आणि मी...”

“थांबा. गेल्या वर्षीही तुमचा अर्ज आला होता. सातवं उत्तर हेच होतं. मला खटकलं. पण म्हटलं, एवढा मोठा माणूस, त्याला कुठे विचारायचं... आणि हो म्हटलं.” ताईंनी वही मिटली. “हे मी सुदामच्या घरी जाऊन सांगून आले. त्याच्या बायकोनं पाणीसुद्धा विचारलं नाही.”

घर मोडलेली कुंभारमाशी नरसाळ्याभोवती घोंगावत होती.

“तिनं फोन केला होता,” सर म्हणाले.

ताईंनी वही बाजूला ठेवली.

“म्हणाली, सर, नोंद रिकामी आली तर काय धरू? मी गाडी चालवत होतो. मला... तो भाग मला कधी कळलाच नव्हता, ताई. पाच वर्षांत कधीच. मी म्हटलं, शून्य धर.”

“मग?”

“म्हणाली, सर, नक्की ना?”

“तुम्ही काय म्हणालात?”

सरांनी खाली पाहिलं.

“म्हटलं, सर कोण आहे, तू की मी?”

...

पाचला सहा मिनिटं.

सरांनी झटकन लॅपटॉप ओढला. “लिहितो. सगळं लिहितो. तुम्ही फक्त बटण दाबा.”

ताईंनी कीबोर्डवर आडवा हात ठेवला. बोटांना माती लागली होती.

“आधी कोणाला सांगायचं?”

“ताई, सहाच मिनिटं आहेत!”

“आहेत.”

सरांनी हाताकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. हात हलला नाही.

मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला. नंबर सापडायला वेळ लागला. तो ‘टी.वाय. भिसे’ म्हणून सेव्ह केलेला होता.

रिंग गेली. पूर्ण गेली.

पुन्हा लावला.

पाच वाजले. स्क्रीनवरचं हिरवं बटण राखाडी झालं. सरांनी ते पाहिलं, आणि तिसऱ्यांदा फोन लावला.

रिंग वाजत राहिली... आणि बंद झाली.

“उचलत नाही.” सरांनी मोबाइल खाली ठेवला. “तिला बोलायचंच नाही माझ्याशी. संपलं ते.”

ताईंनी नरसाळं उजेडाकडे धरलं आणि एक डोळा मिटून आरपार पाहिलं.

“शून्य धरू नका, सर.”