करवतबाईंची खात्री

फार वर्षांपूर्वी, म्हणजे गेल्या शिमग्याच्या जरा अलीकडे, एका देवळातला सागवानी खांब कुरकुरायला लागला. पोटात वाळवी शिरल्याचा संशय आला आणि आत बघायला सुताराची करवत हजर झाली.

"हलू नका खांबोबा. मधोमध कापते, म्हणजे सगळं दिसेल."

"आणि वाळवी नसली तर?"

"तर तुम्ही निरोगी गेलात, असं गावभर सांगेन."

तेवढ्यात मायक्रोवेव्ह लहरी सोडणारं एक यंत्र तिथं आलं. "थांबा बाई. भरीव लाकडात माझ्या लहरी रेंगाळतात, पोकळीत सुसाट सुटतात. चारी बाजूंनी सोडल्या, की आतलं चित्र काढता येतं."

करवत फिस्सकन हसली. "तुझा भाऊ हॉटेलात समोसे गरम करतो. तू डॉक्टर कधीपासून?"

यंत्रानं गुमान खांबाला प्रदक्षिणा घातली आणि चित्र काढलं. बुडाशी वाळवीनं पाडलेली लिंबाएवढी पोकळी होती, बाकी खांब ठणठणीत. "बारीक भोक पाडून तेवढ्यात औषध भरा," ते म्हणालं.

"चित्रं काय, कुणीही काढतं. कापल्याशिवाय मी मानायची नाही," करवत दात विचकून म्हणाली आणि खांबाला टेकली.

तेव्हा यंत्रानं चार लहरी करवतीच्या लाकडी मुठीवर सोडल्या आणि नवं चित्र तिच्यापुढं धरलं. वाळवीनं मूठ आतून निम्मी खाल्ली होती.

"मधोमध कापून खात्री करायची का, बाई?" खांबानं अदबीनं विचारलं.

करवतीनं चित्र बराच वेळ निरखलं.

"इतकं स्पष्ट आल्यावर कापायचं कशाला?" ती म्हणाली. "ते औषध मात्र आधी मला भरा."