माहेरवाटेच्या दोन भिंती

आधी मला एक सांगा. एखादी वाट कशी आहे, हे कुणाला विचारावं? जो ती बांधतो त्याला, जो तिच्या तोंडाशी पहाऱ्याला बसतो त्याला, की जिला ती रोज एकटीनं चालावी लागते तिला? उत्तराची घाई करू नका. फार पूर्वी एका नगरात एका शेठनं ती घाई केली, आणि तो काही भोळा माणूस नव्हता.

शाळेचं तोंड न पाहता तो नगरशेठ झाला होता. डोळे मिटून कापसाची प्रत ओळखायचा, आणि गिऱ्हाईक घ्यायला आलंय की नुसतं भाव विचारायला, हे त्याला चपला काढायच्या आधीच कळायचं. राजानं नगर सुधारायचं काम त्याच्या हाती दिलं ते काही उगीच नाही.

नगराची वस्ती ओढ्याच्या एका बाजूला, पेठ दुसऱ्या बाजूला. मधून वखारींना वळसा घालत एक वाट जायची. वाटेच्या दोन्ही कडांना उघडे ओटे होते. कुठे कल्हईवाला भाता हलवत बसलेला, कुठे टोपल्या विणणाऱ्या बुरुडणी, कुठे बांगड्यांचा पसारा मांडून कासारीण. धूर, ठोकठोक, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी. बायका बाजाराला याच वाटेनं जायच्या, मुली कामाला आणि शिकायला याच वाटेनं. शेठची एकुलती लेक शेवंतीही जायची. पेठेतल्या वैद्यांकडे ती औषधं शिकत होती. दोन वर्षं झाली होती, दोन राहिली होती, आणि नगरातली पहिली वैदीण आपल्या घरात होणार म्हणून शेठ चारचौघांत मिशीवरून हात फिरवायचा.

पुढे पेठेत एक उनाड टोळकं जमायला लागलं. येताजाता मुलींना बोलायचं, आडवं उभं राहायचं. गाऱ्हाणं शेठकडे आलं. त्यानं बायकांना वाड्यावर बोलावलं, चांगलं गूळपाणी देऊन विचारलं, की बायांनो, तुम्हाला हवं तरी काय?

सगळ्यांच्या वतीनं कासारीण बोलली. तिचं मागणं बारीकसारीक होतं. वळणावरची झुडपं काढा, पलीकडचं दिसत नाही. मधल्या लांब पट्ट्यात ओटे नाहीत, तिथे आणखी दोन-चार बसवा, बायकांनाच द्या. वखारींच्या मधून बाहेर निघायला एक फट ठेवा. आणि बाजारात बायकांसाठी एक आडोसा बांधा, आम्ही सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही.

शेठला हसू आलं. राजा एवढी थैली मोकळी करतोय आणि या झुडपं काढायला सांगतायत. तो म्हणाला, "अगं, तुमच्यावर कुणाची नजरच पडणार नाही असं काम करून देतो."

"शेठ, नजर पडू दे," कासारीण म्हणाली. "चार भल्या माणसांची पडली की पाचव्याची हिंमत होत नाही."

पण शेठच्या मनात चित्र तयार झालं होतं. त्यानं ओटे उठवले. वाटेच्या दोन्ही अंगांना दीड पुरुष उंचीच्या, तुळतुळीत घडीव दगडाच्या भिंती उभ्या केल्या. आत फक्त बायकांनी चालायचं. पेठेकडच्या तोंडाशी एक पहारेकरी. वाटेला नाव दिलं माहेरवाट. राजा आला, हार झाले, भाषणं झाली, राजाच्या नावाचा कोरलेला दगड बसला. बायका मागे उभ्या होत्या. कल्हईवाला आणि बुरुडणी पोटापाण्यासाठी दुसऱ्या गावी निघून गेले. कासारीण तेवढी राहिली, डोक्यावर बांगड्यांचा हारा घेऊन दारोदार फिरू लागली.

दर अमावास्येला पहारेकरी येऊन सांगायचा, "तक्रार एकही नाही, शेठ." पहिल्या महिन्यातही नाही, सहाव्या महिन्यातही नाही. शेठ खूश. बाहेरगावचा कुणी भेटला की त्याला हा आकडा ऐकवायचा.

एकदा कासारीण वाड्यावर बांगड्या भरायला आली असताना त्यानं तिलाही ऐकवला. ती शेवंतीचा हात हातात धरून बांगडी चढवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तुमच्या दुकानात घासाघीस करणारं गिऱ्हाईक परत येतं ना?"

"येतंच."

"आणि जे गप्प उठून जातं?"

याचं उत्तर शेठइतकं पक्कं सगळ्या पेठेत कुणाला ठाऊक नसेल. पण दुकानातली अक्कल त्यानं दुकानातच ठेवली. बाईमाणसाला नाही कळायचं, असं मनाशी म्हणून तो उठून गेला.

त्याच आठवड्यात शेवंतीचं पोट दुखायला लागलं. एक दिवस, दोन दिवस. चौथ्या दिवशी आईनं काढा आणला, तेव्हा ती म्हणाली दुखत नाही. मग बापाजवळ येऊन बसली. म्हणाली, ते टोळकं आता भिंतीच्या आत येतं. पहारेकरी एका टोकाला, ते दुसऱ्या टोकानं शिरतात. बुरुडणींच्या मुली गाव सोडून गेल्याच होत्या, आता विणकराच्या पोरींनीही जाणं सोडलं. सांगत कुणीच नाही, कारण घरी सांगितलं की घरचे म्हणतात, मग जाऊ नकोस.

"आबा, भिंत पाडाल?"

शेठ गडबडला. त्यानं नावं विचारली. ती म्हणाली, हे गेले तर दुसरे येतील. त्यानं सोबत माणूस देतो म्हटलं. ती म्हणाली, सगळ्यांच्या बापाकडे माणूस कुठे असतो. शेवटी त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खरी अडचण सांगितली. शेजारच्या राज्याचा राजा पुढच्या आठवड्यात माहेरवाट पाहायला येणार होता. आपल्या राजानं त्याला बढाया मारून बोलावलं होतं. अशा वेळी खुद्द शेठचीच लेक जायची थांबली, तर लोक काय म्हणतील?

"आठच दिवस काढ, बाळा. पाहुणे गेले की मी स्वतः बघतो."

शेवंतीनं बापाकडे पाहिलं. लहानपणापासून त्याचा शब्द तिच्यासाठी शेवटचा होता. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. पाचव्या दिवशी भर दुपारी पहारेकरी धावत वाड्यावर आला.

दोघे पुढून आले होते, दोघे मागून. बाहेर निघायला फट नव्हती. तिनं भिंत चढायचा प्रयत्न केला. दगड इतका सुबक घडवलेला, की बोट अडकवायलाही जागा नव्हती. उडी मारून वरच्या कडेला जेमतेम हात लागला, तिथून निसटून ती पाठीवर आदळली. कमरेखालचा भाग गेला तो गेलाच. वैद्य स्वतः रोज येत होते, पण शिकवायला नाही.

शेठ उशाशी बसून राहायचा. तिनं त्याला दोष दिला नाही. एकदाच म्हणाली, "मी खूप ओरडले, आबा. भिंत उंच आहे ना, आवाज आतच राहिला."

त्या चौघांना हद्दपार केलं. भिंती तीन दिवसांत पाडल्या, राजाच्या दगडासकट. शेठनं झुडपं काढवली, ओटे बांधले, बाजारात आडोसा केला. कासारणीनं जे जे मागितलं होतं ते सगळं केलं. बुरुडणींना बोलावणं धाडलं. त्यांनी निरोप दिला की आम्ही आता इथे रुळलो. ओटे रिकामे राहिले. मुलीही आल्या नाहीत. कुठल्याही घरात एखादी पोर बाहेर जायचं म्हणाली, की आई दारात आडवी येऊन सांगायची, शेठच्या शेवंतीचं काय झालं ते आठव. ज्या लेकीनं सगळ्यांसाठी तोंड उघडलं होतं, तिचंच नाव घेऊन दारं बंद होऊ लागली.

वर्षानुवर्षं तसंच चाललं. वैदीण त्या नगरात झालीच नाही. बाळंतपणात बायका गेल्या, त्यांत विणकराच्या दोन पोरीही गेल्या. पुढे एकदा कुणी परका व्यापारी शेठकडे उतरला होता. वाड्याच्या ओसरीवर बसून हवा खाताना तो म्हणाला, तुमचं नगर फार शांत आहे हो. शेठ उठून आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

तात्पर्य: जिला वाट चालायची आहे तिला विचारल्यावाचून बांधलेली वाट, कितीही देखणी असली, तरी तिची नसते, आणि तिच्या गप्प बसण्याला सुख समजणारा तिला परत आणू शकत नाही.

तेव्हा ऐकणाऱ्यांनो, एवढी विनंती आहे. कुठल्याही रस्त्याचा, चौकाचा, बाजाराचा हिशोब मांडाल तो इमानानं मांडा. कोण आलं ते लिहाच, पण कोण यायचं थांबलं तेही लिहा.