गालभर माती

नदीकाठच्या दाट जंगलात, एका जुन्या उंबराच्या ढोलीत एक खार राहत असे. पण बाळांनो, ती मूळची तिथली नव्हे बरं का! तिचं माहेर पलीकडच्या माळावर. माळ म्हणजे काय, तर मुरूम, खडे, चार बाभळी आणि टाळकं तापवणारं ऊन. तिथे कधीकाळी एका वनरक्षकाची चौकी होती. त्याची बदली झाली, तो सामान बांधून गेला आणि मागे राहिला एक गंजून भोकं पडलेला डबा. डब्यात एक बुटकं झाड होतं, बटणासारख्या जाडजूड, गुळगुळीत पानांचं. माणसं त्याला जेड म्हणतात. खारीच्या आईने ते झाड आपलंच मानलं. सकाळचं कोवळं ऊन आलं की त्याच्याशेजारी शेपटी पसरून बसायचं आणि बाभळीच्या शेंगा फोडता फोडता पिलांना गोष्टी सांगायच्या, हा तिचा रोजचा नेम. काय सुखाच्या सकाळी होत्या त्या! पुढे कितीतरी दिवस खारीला झोपेतसुद्धा शेंगा फुटल्याचा आवाज येई.

माळावरच्या खारींची एक रीत होती. लेक घर सोडून निघाली की आई तिच्या दोन्ही गालांत घरची माती भरून द्यायची. आपली खार निघाली तेव्हा आईने तिचे गाल टम्म फुगवले आणि वर दातांत जेडची एक काडी दिली. "ही दोघं एकत्रच ठेव गं बयो," आई म्हणाली, "त्यांची ताटातूट करू नकोस." खारीला केवढं बोलायचं होतं! मी लवकर येईन म्हणायचं होतं, तू जपून राहा म्हणायचं होतं. पण गालांत माती आणि दातांत काडी, बोलणार कशी? तिने नुसती मान हलवली आणि डोळे मिटून पळत सुटली.

उंबराखाली पोचते न पोचते तोच शेजारी जमले. तिने तोंडातली माती खाली टाकली, तर बेडूक पोट धरधरून हसला. "ताई, हिला माती म्हणता होय तुमच्याकडे? हे तर नुसते खडे!" खार ओशाळली. उंबराच्या मोठ्या मुळात एक उंच, उन्हाची खोबण होती. तिने ती माती गुपचूप तिथे नेऊन टाकली, काडी तिच्यात खोचली आणि नव्या घराच्या धांदलीत ती तिकडे फिरकलीसुद्धा नाही. काडीचं मात्र काही अडलं नाही. तिने मुळं धरली, पानं धरली, आणि एकटीच मजेत वाढत राहिली.

मग उन्हाळ्यात माळाकडून सातभाई पाखरं आली. "माळावर वणवा लागला," त्यातलं एक म्हणालं, "बाभळी गेल्या, चौकी गेली. आणि तुझी आई..." एवढं बोलून ते गप्प झालं. आता सातभाई म्हणजे दिवसभर कलकलाट करणारी जात. तीच सगळी गप्प बसली, म्हणजे काय झालं ते खारीला कळलं. ती धावत खोबणीपाशी गेली आणि त्या झाडाला बिलगून खूप रडली. माहेर म्हणून आता एवढंच उरलं होतं. हे गेलं की सगळं गेलं.

"माझ्या आईचं झाड, आणि मी त्याला खड्यांत टाकून दिलं!" ती म्हणाली. "आता याला काही म्हणून कमी पडू द्यायची नाही." नदीतून वाहत आलेली एक करवंटी तिने ओढत आणली. काठची काळीभोर, लोण्यासारखी मऊ माती तिच्यात भरली. खोबणीतून झाड ओढून काढलं, तेव्हा त्याचं एक पान गळून पडलं, पण ते पाहायला तिला सवड कुठे होती? शेजारीही मदतीला आले. गांडूळ म्हणालं, "कुजलेला पाला घाला ताई, आम्ही त्याच्यावरच जगतो." बेडूक म्हणाला, "आणि पाणी! ओलीशिवाय का कुठे जीव राहतो?" तो बिचारा सकाळ-संध्याकाळ पानाच्या द्रोणातून पाणी आणून ओतायचा. मनाने चांगलेच होते हो सगळे. ज्याला जे गोड लागे, ते त्याने आणून दिलं.

आणि करवंटीला तर खाली भोकही नव्हतं! झाडाची पानं आधी टचटचीत फुगली. "बघा, कसं बाळसं धरलंय!" बेडूक म्हणाला आणि खार हरखली. मग ती पानं पिवळी पडली, काचेसारखी आरपार दिसू लागली. खार घाबरली. घाबरली म्हणून तिने आणखी खत घातलं, आणखी पाणी घातलं. शेवटी एका सकाळी झाड बुडातून मऊ होऊन आडवं झालं. तिने हात लावला तर बोटांना काळा चिखल आणि कुजका वास. झाड गेलं होतं.

खारीला रडूही फुटेना. ती खोबणीपाशी जाऊन बसली. तिथे आईने गालांत भरलेली माती अजून तशीच होती, कोरडी, खडबडीत, उन्हाने ऊबदार झालेली. तिने तिच्यात नाक खुपसलं. माळाचा वास आला. आणि नाकाला काहीतरी टोचलं.

तेच गळून पडलेलं पान! कुणी पाणी घातलं नव्हतं, कुणी विचारपूस केली नव्हती, आणि त्याच्या देठाशी दोऱ्यासारखी गुलाबी मुळं फुटली होती. मुळांवर मोहरीएवढी दोन हिरवी पानं होती. खारीने डोळे चोळून पाहिलं. तिचे हात आपोआप त्याला उचलायला पुढे झाले, आणि त्या हातांवर अजून करवंटीतला चिखल होता. तो दिसला मात्र, तिने हात झटकन मागे घेतले. "ताटातूट करू नकोस." आईने उगाच मायेपोटी म्हटलं असेल, असं तिला वाटलं होतं. अगं आई गं, तू तर औषध सांगून गेली होतीस!

तेवढ्यात बेडूक द्रोण सावरत आला. "ताई, जगलं की! चला, याला काळ्या मातीत नेऊ, हे घ्या पाणी."

"नको दादा," खार म्हणाली. "पाणी तुम्हीच प्या. याला इथेच राहू दे, याच्या खड्यांत."

ते पान खड्यांत वाढलं, त्याचं चांगलं खोड झालं. रोज सकाळी खार त्याच्याशेजारी शेपटी पसरून बसू लागली, उंबरं कुरतडता कुरतडता आपल्या पिलांना माळाच्या गोष्टी सांगू लागली. पुढे तिची लेक घर सोडून निघाली. खारीने तिचे गाल खडेवाल्या मातीने टम्म फुगवले आणि दातांत जेडची काडी दिली. लेकीचे डोळे भरले. तिला खूप बोलायचं होतं, बोलता येईना.

"असू दे गं," खार म्हणाली, "मलाही नव्हतं बोलता आलं. पण माझ्या आईला कळलं असणार. मला कळतंय ना आत्ता."

तात्पर्य : माया करावी ती ज्याच्यावर करायची त्याला काय मानवतं ते पाहून; आपल्याला जे उत्तम वाटतं, ते त्याला सोसेलच असं नाही.